जुना ट्रॅक्टर प्रथमच घेणारांनीं काय पाहावें

आमच्या भागांतील खाचरें लहान, बांध अरुंद आणि पाऊस उदंड. नव्या ट्रॅक्टरचे हप्ते केवळ भातावर फेडणें पुष्कळांस परवडत नाहीं, म्हणून घाटावरून येणाऱ्या जुन्या यंत्राकडे मन वळतें. महाड-पोलादपूरकडील कांहीं सभासदांनीं याविषयीं विचारल्यावरून हा लेख लिहीत आहों. आम्ही यंत्रविद्येचे जाणकार नव्हों; सारा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. तेव्हां आधीं कागदाचेंच सांगतों.

नोंदणीपुस्तक म्हणजे ट्रॅक्टरचा सात-बारा होय. कब्जा कोणाचाही असो, कायद्यानें मालक तोच, ज्याचें नांव नोंदणींत आहे. अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं हेंच सांगितलें. जमिनीच्या इतर हक्कांत जसा बोजा चढतो, तसा या पुस्तकांतही कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा चढतो. कर्ज फिटलें तरी तो आपोआप उतरत नाहीं; त्यासाठीं बँकेच्या सहीचा नमुना ३५ परिवहन कार्यालयांत द्यावा लागतो. आमच्या भावकींतील एका गृहस्थांनीं रोख पैसे मोजून ट्रॅक्टर आणला. पुस्तक मागाहून देतों, असें विकणारानें सांगितलें. पुढील वर्षीं ऐन लावणींत कर्ज देणाऱ्या संस्थेचीं माणसें आलीं व ट्रॅक्टर दारांतून घेऊन गेलीं. त्या वर्षाची चिखलणी उसन्या बैलांवर झाली. पुस्तक आम्हांस दाखवावें असें त्यांस वाटलें नाहीं, आणि आम्हींही तें मागितलें नाहीं, याची खंत अद्याप आहे.

इंजिनावरील व चासीवरील कोरलेले अंक पुस्तकाशीं स्वतः ताडून पाहावे. नमुना २९ व ३० यांवर विकणाराच्या सह्या समक्ष घ्याव्या. राज्यांतल्या राज्यांत विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत हस्तांतर कळवावयाचें असतें. मूळ नोंदणी १५ वर्षांची, पुढें पांच-पांच वर्षांचें नूतनीकरण. जुन्या गाडीचें तें झालें आहे काय हें पाहावें.

आतां यंत्राकडे वळूं. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी यांच्या पुरांत महाड बुडालें, हें कोणास सांगावयास नको. म्हणून स्थानिक ट्रॅक्टर असल्यास तो त्या दिवशीं कोठें उभा होता, हा पहिला प्रश्न. वरून रंग दिला तरी दिव्याच्या कांचेआड, बॅटरीच्या खणांत व हत्यारांच्या पेटीच्या कोपऱ्यांत बारीक गाळ सांपडतो. ट्रॅक्टर एक रात्र उभा ठेवावा, व सकाळीं सुरू करण्यापूर्वीं गिअरपेटीच्या तळाचा बूच किंचित् ढिला करावा. तेलाहून पाणी जड, म्हणून आंत पाणी असल्यास आधीं तेंच बाहेर येतें. चिखलणी केलेल्या यंत्रांत सील झिजूनही पाणी शिरतें; ताकासारखें पांढरट तेल त्याचीच खूण होय.

इंजिन थंड असतांनाच सुरू करावयास लावावें. आपण पोंचण्यापूर्वींच बॉनेट तापलेलें आढळल्यास दुसऱ्या दिवशीं सांगून न जातां यावें. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळतें. काळा धूर बहुधा इंधनाचा किंवा हवेच्या गाळणीचा दोष, आणि तो तुलनेनें स्वस्तांत निघतो. औत वर उचलून इंजिन बंद करावें; औत लागलींच खालीं बसलें तर हायड्रॉलिकचें काम निघालें असें समजावें.

मेक कोणता, याविषयीं वाद फार. महिंद्रांनीं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानें मुंबईस सुरू केलेल्या कारखान्याचे बी-२७५, किंवा पिंजोरचे एच. एम. टी., हे सत्तरीच्या दशकांतील ट्रॅक्टर हौशी लोक आजही शोधतात. हौस वाईट नव्हे. परंतु पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचें केंद्र सरकारनें २०१६ सालीं ठरविलें. तेव्हां सुटे भाग कोठें मिळतील, आणि त्या मेकचा मिस्त्री आपल्या तालुक्यांत आहे काय, हें आधीं विचारावें. पावसांत बंद पडलेला ट्रॅक्टर घाट चढवून दुरुस्तीस नेणें म्हणजे एक हंगाम गमावणेंच.

बांध सरळ चढवूं गेल्यास पुढलीं चाकें उचलून ट्रॅक्टर मागें उलटतो व चालक खालीं सांपडतो. जुन्या यंत्रांवर चालकाच्या रक्षणाची चौकट बहुधा नसते. अवघड चढ मागल्या गिअरमध्येंच चढावा. गाळांत रुतल्यास मागील चाकांस ओंडका बांधून जोर लावूं नये. चाक फिरत नाहीं, तेव्हां पुढला भागच उठतो.

भाव बोलण्यापूर्वीं मागील चाकांची बाहेरील रुंदी एका काठीवर खूण करून घ्यावी, आणि ती काठी आडवी धरून रस्त्यापासून आपल्या शेवटच्या खाचरापर्यंत चालून यावें. पोलादपूरकडील उतारांवर ती कोठें ना कोठें अडेलच. जेथवर ती जाईल तेथवरच ट्रॅक्टरचें काम, आणि तेवढ्याच क्षेत्राचा हिशेब करून किंमत ठरवावी. पुढील खाचरांस पॉवर टिलर किंवा बैल ठेवावे लागतील, त्यांचा खर्च निराळा धरावा.