पहाटेचं विमान काढू नकोस

चि. मुक्तास,


फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतेस आणि करायचं तेच करतेस, म्हणून हे कागदावर. जानेवारीत सासू-सासऱ्यांना काशी दाखवायची, बरोबर चार वर्षांचा ओम, सगळं छान. पण रात्रीच्या विमानाने पुण्याहून दिल्ली गाठायची आणि पहाटे सव्वासहाला तिथून वाराणसीचं विमान धरायचं, ही आखणी ज्याने केली त्याने जानेवारीतली दिल्ली पाहिलेली नाही. (जावईबुवांनी केली असेल तर एवढं वाक्य गाळून वाच.)

माझी निम्मी नोकरी दिल्लीत पालम विमानतळाच्या हवामान कार्यालयात गेली, हे तुला माहीत आहे. तिथे काय करायचो ते कधी विचारलं नाहीस. रात्रपाळीला धावपट्टीपाशी उभं राहून दिवे मोजायचो. जितके दिसतील तितके मोजायचे, त्यावरून दृश्यता काढायची आणि टॉवरला कळवायची. एका पहाटे नऊ दिवे होते. दहा मिनिटांत पाच झाले, मग तीन, मग एकही नाही. मागे वळून पाहिलं तर ज्या जीपमधून उतरलो होतो तीही दिसेना. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा दिशा कळली. आता हे काम ट्रान्समिसोमीटर करतो. एका खांबावरून सोडलेला प्रकाश समोरच्या खांबापर्यंत किती पोचला ते मोजतो. त्याला थंडी वाजत नाही, एवढाच आमच्यात फरक.

हे धुकं कुठून वाहत येत नाही, जागच्या जागी धरतं. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन रात्रभर निवत जाते आणि तिला लागून असलेली दमट हवा गारठते. त्यात पंजाबपासून बिहारपर्यंत पाणी दिलेली गव्हाची शेतं, आणि वर शहरांचा धूर. सूर्य वर आला म्हणून ते लगेच हटत नाही. उलट पुष्कळदा उजाडतानाच सगळ्यात दाट असतं आणि दहा-अकराच्या पुढे विरतं. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेची माणसं २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर याचाच अभ्यास करताहेत.

तू म्हणालीस, "दिल्लीला तर आता धुक्यातही विमानं उतरतात ना?" उतरतात. यंत्रणा, विमान आणि वैमानिक तिन्ही त्या तयारीचे असतील तर ५० मीटर दृश्यतेतही उतरतात. उडायला मात्र तिथे १२५ मीटर लागते. उतरताना विमान यंत्राच्या भरवशावर येतं. उडताना वैमानिकाला मधली रेघ आणि तिच्यावरचे दिवे डोळ्यांनी धरून पळावं लागतं. म्हणून कधी असं होतं, की येणारी विमानं येताहेत आणि तुम्ही आत पट्टे बांधून दोन तास बसलेले. मग वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपतात. ते कायद्याने ठरलेले आहेत, "जरा थांबा की" म्हणून वाढत नाहीत. दुसरे वैमानिक येईपर्यंत आणखी वेळ. २०२४ च्या जानेवारीत अशाच एका दिवशी उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर एका प्रवाशाने हात उगारला. सगळ्या देशाने तो व्हिडिओ पाहिला.

हसू नकोस, मीही फार मागे नव्हतो. निवृत्तीनंतर आईला घेऊन काशीलाच निघालो होतो. दिल्लीत लख्ख ऊन, आणि फलकावर आमचं विमान धुक्यामुळे रद्द. मी काउंटरवर गेलो आणि आवाज चढवला. "मला धुकं शिकवू नका, तीस वर्षं तेच केलंय." ती मुलगी तुझ्याएवढीच असेल. शांतपणे म्हणाली, "सर, धुकं इथे नाही, वाराणसीला आहे." मुक्ता, मी हवामानखात्याचा माणूस, आणि खिडकीतून दिल्लीचं आकाश बघून भांडत होतो! त्यात आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत. ती बॅग परत हातात यायला तीन तास गेले. आई खुर्चीत बसून जपमाळ ओढत होती. मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हा ऐक. दिल्लीत एक रात्र मुक्काम कर आणि पुढचं विमान दुपारी बाराच्या पुढचं घे. तेही वेळेवर सुटेल असं नाही, कारण एकच विमान दिवसभर चार गावं करतं आणि सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत ओढत नेतं. पण रद्द व्हायची भीती कमी. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढ. तू दोन कंपन्यांची वेगवेगळी काढली आहेस. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तू आलीच नाहीस, आणि पाच जणांचे पैसे बुडाले. धुक्यापायी नुकसानभरपाई मिळत नाही, तो वाद घालू नकोस. पण विमान रद्द झालं, किंवा सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं हवं ते माग. लांबलेल्या उशिरात खाणंपिणंही त्यांनी द्यायचं असतं. ते मागताना लाजू नकोस, ओरडूही नकोस. सासऱ्यांच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, आणि हातातल्या पिशवीत. पूजेचा दिवस पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी धर. गुरुजींना आधीच तसं सांगून ठेव.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी मला फोन कर. पालमचं आणि वाराणसीच्या बाबतपूर विमानतळाचं, दोन्हीकडचं तापमान आणि दवबिंदू बघून सांगतो. तापमान आणि दवबिंदू यांत अंतर फार उरलं नसेल आणि वारा पडला असेल, तर सकाळी उठायची घाई करू नका.

काकू गूळपोळ्या करून देणार आहे. वरच्या पिशवीत ठेव. वीस सांगितल्यात; ओमला आधी डबा दाखवू नकोस.

तुझा,
काका