यंत्राने कोरलेला अलिफ

मुलांनो, कातिब अलिफ कसा लिहितो, ते तुम्ही पाहिले असेल. तो बोरूचे टोक कागदावर टेकवतो, वरून खाली रेघ ओढतो आणि बोरू उचलतो. टेकवणे, ओढणे, उचलणे. क्रिया तीनच! हाच अलिफ लाकडात यंत्राकडून कोरून घ्यायचा असेल, तर यंत्रालाही याच तीन क्रिया सांगाव्या लागतात. असे यंत्र घरी बनवता येते. त्याला सी.एन.सी. राउटर म्हणतात. राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारे सुताराचे हत्यार. सी.एन.सी. म्हणजे आकड्यांच्या साहाय्याने संगणकाने ठेवलेला ताबा.

ही कल्पना तुम्हांला वाटते तितकी नवी नाही. तुमच्यापैकी काहींची घरे मालेगावला किंवा भिवंडीला असतील. तिथे मागाचा खडखडाट तुमच्या ओळखीचा आहे. फ्रान्समध्ये १८०४ साली जोसेफ जकार्ड याने मागासाठी एक युक्ती काढली. जाड पुठ्ठ्यांना भोके पाडायची आणि त्या भोकांनुसार ताण्याचे धागे वर उचलायचे. नक्षी विणकराच्या डोक्यातून पुठ्ठ्यावर आली. पुढे अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे अचूक आकार हवे होते. त्यांच्या खटपटीतून हे काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत गेले आणि १९५२ साली तिथे आकड्यांवर चालणारे कापण्याचे यंत्र लोकांना दाखवले गेले. त्याचे आकडेही भोके पाडलेल्या फितीवरच होते! तेव्हा त्याच्या नियंत्रकाला मोठे कपाट लागे. आज तेच काम तळहातावर मावणारी एक पाटी करते. अर्डुइनो नावाची ही पाटी २००५ साली इटलीत जन्मली, आणि तिच्यावर चालणारी जीआरबीएल ही आज्ञावली २००९ साली नॉर्वेच्या एका अभियंत्याने लिहून सर्वांना फुकट दिली. यंत्र घरात आले ते यामुळे.

आता सांगाडा पाहू. अठरा मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्या. त्याचा पाट करा. पाटावर दरवाज्याच्या चौकटीसारखी एक कमान उभी करा. ही कमान पुढेमागे सरकेल. तिच्यावर एक गाडी डावीउजवीकडे सरकेल आणि त्या गाडीवर राउटर वरखाली होईल. आलेखाच्या कागदावर तुम्ही एक्स आणि वाय अक्ष काढता ना? तेच इथे आहेत. गाडीचा एक्स, कमानीचा वाय, आणि उंचीसाठी तिसरा झेड.

सांगाडा जोडताना घाई करू नका. पुष्कळ जण सगळे लक्ष तारांकडे आणि मोटरींकडे देतात. माझ्या मते यंत्र बिघडते ते बहुधा तिरक्या सांगाड्यामुळे. सुताराचा गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासा. गुण्या लहान असेल, तर पायथागोरसला बोलवा. एका बाजूवर ३०० मिलिमीटरवर खूण करा, दुसरीवर ४०० वर. दोन्ही खुणांमधले अंतर बरोबर ५०० भरले, तर कोन काटकोन. ४९८ भरले तर स्क्रू सैल करा आणि पुन्हा जुळवा.

गाडी सरकवायला प्रत्येक अक्षाला आट्यांचा एक लांब दांडा असतो. दांडा फिरला की त्यावरचा नट पुढे सरकतो आणि गाडीला ओढून नेतो. दांडा फिरवणारी मोटर पंख्याच्या मोटरीसारखी गरगर फिरत नाही. ती एकेक पाऊल टाकते. म्हणून तिला स्टेपर मोटर म्हणतात. तिच्या एका फेरीत २०० पावले असतात. (जुने बिघडलेले प्रिंटर भंगारात दिसले, तर उघडून पाहा. त्यांत अशा मोटरी सापडतात. लाकूड कापायला त्या कमकुवत पडतात, पण शिकायला उत्तम.)

इथे थोडे गणित करायला हवे. मोटर चालवणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ बारीक भाग करतो असे धरू. म्हणजे एका फेरीत २०० गुणिले ८, बरोबर १६०० भाग. दांड्याच्या एका फेरीत नट ८ मिलिमीटर सरकतो. तेव्हा १६०० भागिले ८, म्हणजे एक मिलिमीटर सरकायला २०० भाग लागले. हा २०० चा आकडा तुम्ही आज्ञावलीत लिहून ठेवायचा. यंत्राला मिलिमीटर कळत नाही. त्याला फक्त मोजणे कळते.

आता गाडीला १०० मिलिमीटर जायला सांगा आणि पट्टीने मोजा. ती ५० च गेली, तर घाबरू नका. ड्रायव्हरवरची कळ आठऐवजी सोळा भागांवर बसली आहे. पण ९८ गेली तर? मग २०० चा आकडा थोडा वाढवून हिशेब जुळवण्याचा मोह होतो. तो टाळा. दांड्याचे आटे अचानक बदलत नाहीत. मोटर आणि दांडा जोडणारी कपलिंग घसरत असेल, किंवा गाडी कुठेतरी अडून मोटरीची पावले चुकत असतील. कारण शोधा. आकडा बदलून झाकलेला दोष लाकडात उघडा पडतो.

एक ताकीद. विजेची मुख्य जोडणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. आणि वीज चालू असताना मोटरीची तार कधी काढू नका. ड्रायव्हर तिथेच जळतो.

पहिल्या दिवशी पाते लावू नका. राउटरच्या जागी पेन बांधा, पाटावर कागद चिकटवा आणि १०० मिलिमीटर बाजूचा चौरस काढून घ्या. त्याचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १४१.४ मिलिमीटरच्या आसपास हवेत. एक मोठा आणि एक लहान भरला, तर कमान तिरकी आहे. मग एक वर्तुळ काढा. वर्तुळ चार जागी किंचित चपटे दिसले, तर नट आट्यांवर सैल आहे. गाडी दिशा बदलते तेव्हा दांडा आधी ती पोकळी भरून काढतो आणि मगच गाडी हलते. स्प्रिंगचा दुहेरी नट बसवला की हा दोष बराच कमी होतो.

आता पाते. तीन मिलिमीटरचे घ्या. पाटावर आधी एक टाकाऊ फळी ठोका, म्हणजे पाते खाली गेले तरी पाट कापला जाणार नाही. तिच्यावर प्लायवूडचा तुकडा शिकंज्यांनी घट्ट आवळा. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. सैल बाह्या वर सारा, ओढणी बाजूला काढून ठेवा. जवळ मोठे माणूस हवे आणि यंत्र बंद करण्याची कळ हाताशी हवी.

चाळीस मिलिमीटर उंच अलिफसाठी आज्ञा अशा असतात: 'जी ०, एक्स ०, वाय ४०' म्हणजे पाते हवेतून वरच्या टोकाशी ने. 'जी १, झेड -१, एफ १००' म्हणजे एक मिलिमीटर खोल टेकव. 'जी १, वाय ०, एफ ६००' म्हणजे मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगाने खाली ओढ. 'जी ०, झेड ५' म्हणजे उचल. पाहिलेत? कातिबाचीच रीत.

पाते मिनिटाला १०,००० फेऱ्या घेत असेल आणि त्याला दोन धारा असतील, तर प्रत्येक धार ०.०३ मिलिमीटर लाकूड उचलते. करून पाहा: ६०० भागिले २०,०००. कान आणि नाक उघडे ठेवा. जळका वास आला, तर पाते एकाच जागी घासते आहे. सरकण्याचा वेग वाढवा किंवा फेऱ्या कमी करा. आवाज कर्कश झाला आणि कमान थरथरली, तर घास मोठा झाला आहे. भुसा पिठासारखा नको, बारीक कपच्यांसारखा हवा.

अलिफ जमला की बे घ्या. खाली होडीसारखी वाकलेली रेघ, आणि तिच्या खाली नुक्ता. रेघ संपल्यावर पाते उचलायला सांगितले नाही, तर नुक्त्यापर्यंत चर पडेल. आणि नुक्त्याच्या जागेपुढचे वजाचिन्ह विसरलात, तर नुक्ता रेघेच्या वर जाईल. शब्दाच्या सुरुवातीला असे झाले, तर बे चा नून होतो. 'बाम' लिहायला घेतले आणि 'नाम' झाले! कातिब अशी चूक हात उचलण्याआधीच ओळखतो. यंत्र मात्र तीच चूक शंभर तुकड्यांवर न थकता करील. हाताने कोरणाऱ्या कारागिराची जागा यंत्र घेऊ शकते का, असे कोणी विचारले, तर मला आधी हा नुक्ता आठवतो.

आणखी एक खुबी. चर कोरायचा असेल, तर पात्याचा मध्य रेघेवरून न्यावा. पण ५० मिलिमीटरचा चौरस तुकडा कापून काढायचा असेल, तर तसे चालत नाही. पाते प्रत्येक बाजूने दीड मिलिमीटर खाते आणि हाती ४७ चा तुकडा येतो. म्हणून मध्याला ५३ च्या चौरसावरून फिरवायचे. शेवटी दोनतीन जागी लाकडाचे छोटे पूल न कापता ठेवा, नाहीतर सुटलेला तुकडा पात्यात अडकून उडतो. ते नंतर पटाशीने कापा.

यंत्र थांबल्यावर ब्रशने भुसा झाडा आणि अलिफची खोली दोन्ही टोकांना मोजा. वर एक मिलिमीटर आणि खाली ०.६ भरली, तर टाकाऊ फळी पातळीत नाही. यंत्राकडूनच तिच्या साऱ्या पृष्ठभागावरून अर्धा मिलिमीटर थर काढून घ्या. मग प्लायवूडचा नवा तुकडा आवळा आणि अलिफ पुन्हा कोरा.