लॉगिन नाही, तर नकाशा नाही

मार्च लागला की व्याघ्र प्रकल्पालगतच्या मोहर्लीच्या आसपास मोहफुलं वेचणं सुरू होतं. झाडाखालचा पाला साफ करायला कुणीतरी काडी लावतो, मागोमाग तेंदूचा हंगाम येतो, आणि पाऊस पडेपर्यंत वणव्याची धास्ती असते. नासाच्या 'फर्म्स' सेवेवर उपग्रहांनी टिपलेले आगीचे ठिपके साधारण तीन तासांत मिळतात. 'व्हिअर्स' संवेदकाची रात्रीची फेरी दीडच्या सुमारास असते, म्हणून पहाटे ५ वाजता ते ठिपके बफरमधल्या गावांच्या नकाशावर टाकून चित्र व्हॉट्सॲपवर पाठवायची सोय आम्ही केली होती. नकाशा काढायचं काम क्यूजीआयएसचं, संगणक लिनक्सचा. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, यूपीएसशेजारी ठेवलेली नुसती डबी.

एका रात्री वीज गेली ती यूपीएस संपेपर्यंत आलीच नाही. आली तेव्हा संगणक आपोआप चालू झाला आणि लॉगिनपाशी थांबला. ठिपक्यांची फाइल उतरली, नकाशा मात्र निघेना. पाठवणारी स्क्रिप्ट फोल्डरमधलं जुनंच चित्र उचलून रवाना करत राहिली. नकाशा आलाच नसता तर कुणीतरी फोन केला असता. इथे स्वच्छ नकाशा येत होता, म्हणून सगळे निवांत. शेवटी एका फायर वॉचरने विचारलं, "सर, काल तिकडं धूर दिसत होता ना जी, नकाशात कसा नाही?"

कारण साधं होतं. क्यूजीआयएस सुरू होताना आधी पडदा मागतो, आणि लिनक्सवर तो पडदा लॉगिन केलेल्या माणसाच्या सत्रातून मिळतो. माणूस नाही, तर सत्र नाही. लॉगमध्ये एकच ओळ होती: डिस्प्लेशी जोडणी होत नाही. गंमत अशी की लॅपटॉपवरून एसएसएचने, एक्स फॉरवर्डिंग चालू ठेवून तपासलं की सगळं सुरळीत चालायचं, कारण तेव्हा पडदा लॅपटॉपचा उसना मिळायचा. अशा तपासणीवर विसंबू नका. एचडीएमआयची वायर काढा, बटण बंद करून चालू करा, लॉगिन करू नका आणि चित्र येतं का ते बघा.

ऑटो-लॉगिन लावून टाका, असा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या दारातल्या गावात, ज्या संगणकावर कॅमेरा ट्रॅपच्या जागाही असू शकतात, तो कुणीही माऊस लावून उघडावा असा ठेवायचा नसतो.

साध्या नकाशासाठी 'क्यूटी क्यूपीए प्लॅटफॉर्म' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'ऑफस्क्रीन' ही किंमत दिली की पडद्याची अट सुटते. तेवढ्याने न भागणाऱ्या जुन्या प्रोग्रामसाठी 'एक्सव्हीएफबी' आहे, तो मेमरीतच खोटा पडदा उभा करतो. त्रिमितीय दृश्यांना ग्राफिक्स कार्ड हवं असेल तर ईजीएलची वाट धरा, पण काम ज्या खात्याने चालतं ते खातं 'रेंडर' गटात आहे का हे आधी बघा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. काम सिस्टमडीच्या सिस्टम सेवेत ठेवा. वापरकर्त्याच्या सेवेत ठेवलं तर 'लिंगर' चालू केल्याशिवाय ते लॉगिनची वाट बघतं आणि लॉगआउटबरोबर मरतं. विंडोजवाल्यांनीही हसू नये: व्हिस्टापासून तिथल्या सेवा वेगळ्या सत्रात चालतात, वापरकर्त्याचा डेस्कटॉप त्यांना दिसत नाही.

आता आमची स्क्रिप्ट आधी जुनं चित्र पुसते, नवं चित्र तात्पुरत्या नावाने बनवते आणि ते पूर्ण झालं तरच खरं नाव देते. ठिपके किती वाजेपर्यंतचे आहेत ती वेळ चित्रावरच छापलेली असते. चित्र झालं नाही तर 'आज नकाशा नाही, टेहळणीवर भर द्या' एवढाच निरोप जातो.

आणखी एक. अशा बोडक्या संगणकावर देवनागरी फॉन्ट बहुधा नसतो, गावांच्या नावांजागी चौकोन उमटतात. लोहित किंवा नोटो टाकून घ्या. त्यानंतरही आमच्या मॅटप्लॉटलिबच्या आलेखात मोहर्लीचा रफार 'ली'वर चढत नव्हता, सुट्या 'र'च्या पायाशी हलंत लटकत होता. मग ती नावं आम्ही क्यूजीआयएसकडूनच लिहून घ्यायला लागलो.