कामावरून कमी केलेल्या कामगाराचे हक्क

कोरपना तालुक्याच्या भूगर्भात चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या गावांच्या आसमंतात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. शेजारच्या राजुरा तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणारा विद्यार्थी पुढे शिक्षक होवो, लिपिक होवो वा ठेकेदाराकडील मजूर. त्याच्या आयुष्यात कधीतरी ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे वाक्य येण्याचा संभव असतोच. त्या प्रसंगी कायदा काय म्हणतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कामगार कायद्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणले. संपापूर्वी समेटाची सक्ती करणारे आणि काही संप बेकायदेशीर ठरवणारे ते विधेयक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्यास कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यांचे कामाचे तास आठवड्याला ४८ वर आले ते १९४६ च्या दुरुस्तीने, आणि नोकरीच्या अटी लेखी असल्या पाहिजेत असे सांगणारा स्थायी आदेशांचा कायदाही त्याच वर्षीचा. विरोध करणारा आणि कायदा घडवणारा माणूस एकच होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, स्थायी आदेशांचा कायदा आणि १९२६ चा कामगार संघटना कायदा हे तिन्ही आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावले गेले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. या संहितेनुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. पूर्वी असे बंधन मुख्यतः सार्वजनिक उपयोगी सेवांवर होते. १९३८ चा वाद संपला आहे, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

मूळ हक्क मात्र टिकून आहेत. एकट्या कामगारास बडतर्फ केले, कमी केले, तरी तो औद्योगिक विवादच मानला जातो. संघटना पाठीशी नसली तरी चालते. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा, तेथे तोडगा निघाला नाही तर न्यायाधिकरण. खाण आणि सिमेंट उद्योगांचे वाद केंद्र शासनाच्या यंत्रणेकडे जातात, इतर बहुतेक खासगी आस्थापनांचे राज्याच्या कामगार खात्याकडे. चुकीच्या दारात अर्ज देऊन महिने वाया घालवणारे थोडे नाहीत, म्हणून हा भेद आधी विचारून घ्यावा.

वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करावयाची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. ‘वर्षभर’ म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस; खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यास १९० दिवस. यात पगारी साप्ताहिक सुट्ट्याही धरल्या जातात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केले. परंतु २००२ मध्ये त्याच न्यायालयाने कर्नाटकातील एका वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या मजुराच्या प्रकरणात सांगितले की, २४० दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे आणि त्याचे नुसते शपथपत्र पुरेसे नाही. रोपवाटिकेत, तेंदूच्या हंगामात, वनखात्याच्या रोजंदारीवर राबणाऱ्या आपल्या भागातील माणसाने हा निर्णय विसरू नये. गेटपास, वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीची नोंद, बँकेचे पासबुक, हजेरीपटाची छायाप्रत हाती लागली तर तीही, असे सर्व कागद घरी जपावेत. मस्टर मालकाच्या कपाटात असते. वाद सुरू झाल्यावर ते मिळेलच असे नाही.

गैरवर्तनाचा आरोप असेल तर प्रथम लेखी आरोपपत्र, मग उत्तराची संधी, मग चौकशी. साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा अधिकार आरोपी कामगारास आहे. चौकशीसाठी निलंबित केले असेल, तर स्थायी आदेशांची तरतूद लागू असलेल्या आस्थापनेत पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि विलंब कामगारामुळे झाला नसेल तर पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. कोऱ्या कागदावर सही आणि ‘स्वखुशीने राजीनामा’ या दोन गोष्टी मात्र सारी तटबंदी एका क्षणात पाडतात. दबाव असला तरी सही न करता घरी यावे आणि त्याच दिवशी घडलेला प्रकार तारखेसह लिहून रजिस्टर टपालाने पाठवावा.

ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते. कामावरून काढल्यास वा राजीनामा दिल्यास देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, असे वेतन संहिता सांगते.

आता आपल्याच घराकडे वळू. शिक्षक हा या कायद्यांच्या अर्थाने ‘कामगार’ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्याच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवले. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आहे व त्यात शिक्षकेतर कर्मचारीही येतात. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनतीच्या आदेशाविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. मुदत लहान आहे. ‘साहेबांना भेटून बघू, अध्यक्षांना सांगून बघू’ यात ती निघून जाते. भेटावे जरूर, पण अपील दाखल करून. हे एका शाळेच्याच स्मरणिकेत छापले जात आहे, याचा मला आनंद आहे.

वकिलाच्या खर्चाची भीती पुष्कळांना मागे खेचते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती, स्त्री आणि औद्योगिक कामगार यांना विनामूल्य कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. त्यासाठी चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो.