खाली येतानाही बायसेप्सच काम करतो

जिममध्ये सगळे जिला ‘एस’ म्हणतात, ती अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजची पर्सनल ट्रेनरची परीक्षा मी ठाण्यात नोकरी सांभाळून दिली. आता अभ्यासाला बसलेली मुलं-मुली शंका घेऊन येतात, तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये हमखास एक प्रश्नसंच असतो. कुणीतरी ‘यातलंच येतं’ म्हणून दिलेला. माझ्या बरोबरीच्या दोघांनी अशाच संचावर भिस्त ठेवली होती. उत्तरं तोंडपाठ होती, पण प्रश्न जरा फिरवून आले आणि दोघंही अडकले. पुन्हा फी भरावी लागली. दोघंही फ्लोअरवर उत्तम ट्रेनर आहेत, म्हणून त्याची हळहळ अजून वाटते.

डंबेल कर्लचंच घ्या. डंबेल सावकाश खाली आणताना कोणता स्नायू काम करतो? कोपर सरळ होतंय म्हणून बहुतेक जण ट्रायसेप्स म्हणतात. मग मी त्यांच्या हातात डंबेल देते आणि दुसऱ्या हाताने दंड चाचपायला सांगते. डंबेल खाली येत असतं, तरी दंडाचा पुढचा भाग घट्टच लागतो, मागचा सैल. वजन आपोआप खाली ओढलं जातंय, आणि बायसेप्स लांबत लांबत त्याला आवर घालतोय. हे एकदा बोटांना कळलं की स्क्वॉटमध्ये खाली बसताना मांडीचा पुढचा भाग का भरून येतो, ते पाठ करावं लागत नाही. पुस्तकाचं इंग्रजी जड जात असेल तर आधी अंगावर बोट ठेवून मराठीत सांगा, इंग्रजी नाव मागून लावा.

दुसरा प्रश्न असा: 52 वर्षांच्या बाई, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू, डॉक्टरांची परवानगी आहे. व्यायामाचा जोर कशावर ठरवाल? सूत्र पाठ असलेला लगेच 220 मधून 52 वजा करून 168 काढतो. पण ही गोळी नाडी फारशी चढू देत नाही. त्या आकड्यामागे बाईंना पळवलं तर जिवाशी खेळ होईल. इथे बोलता बोलता व्यायाम जमतोय का ते बघायचं, किंवा त्यांना स्वतःला किती कष्ट वाटतात ते विचारायचं. गुन्नार बोर्ग यांची 6 ते 20 ची मोजपट्टी त्यासाठीच आहे.

आणखी एक सवय परीक्षेआधीच सोडा. आपल्याकडे ट्रेनर सर्रास डाएट चार्ट लिहून देतो, गुडघा दुखला की निदानही करतो. मधुमेहाच्या माणसाचं जेवण आपण कमी केलं आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं, तर साखर धोकादायक उतरते. पर्यायांत ‘डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञाकडे पाठवा’ दिसलं तर ते पळपुटं उत्तर समजू नका.

प्रश्न 150, वेळ 3 तास. त्यातले 25 प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण कोणते ते कळत नाही, त्यामुळे अनोळखी प्रश्नापाशी रेंगाळू नका. 800 पैकी 500 ला पास.

सीपीआरचं प्रमाणपत्रही चालू असावं लागतं. नुसते व्हिडिओ बघून मिळालेलं चालत नाही, प्रशिक्षकासमोर प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. ते काम आधीच उरका. मिनिटाला 100 ते 120 दाब, किमान 5 सेंटिमीटर खोल. पुतळ्यावर सलग दोन मिनिटं करून बघा, रोज वजन उचलणाऱ्यालाही धाप लागते.