पापणीला हात लावू नकोस

सांगली,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. मुग्धा,

काल रात्री वहिनीचा फोन आला. आठ दिवस झाले, तू व्हिडिओ कॉल घेत नाहीस, खोलीतही गॉगल लावून बसतेस आणि पापण्या झडल्या म्हणून रडतेस. शेजारच्या काकूंनी तिच्या डोक्यात थायरॉइड भरवून दिलाय. ती रात्रभर झोपली नाही. मीही नाही, पण माझी भीती निराळी आहे. नवरात्रातला तुझा फोटो मी मोठा करून पाहिला. उजवा डोळा पापण्यांनी भरलेला आहे आणि डाव्याचा बाहेरचा कोपरा ओका. मुग्धा, तू त्या ओढतेस का?

रागावणार नाही असं म्हणत नाही, रागावलेच आहे.

भादवा-आश्विनात केस जास्त गळतात, हे आपल्या न्हाणीघरातली जाळी दरवर्षी सांगते. पापण्यांचंही तसंच होतं असं तुझ्या पार्लरवालीनं सांगितलं म्हणे. असेल. एरवीही रोज पापणीचे एक ते पाच केस गळतातच. वरच्या पापणीला शंभर-दीडशे केस असतात आणि प्रत्येकाचं आयुष्य जेमतेम काही महिन्यांचं. तू पापण्यांना एक्स्टेन्शन लावलंस म्हणजे तुझ्या केसावर दुसरा चिकटवला. तुझा गळला की तोही त्याच्यासोबत खाली येतो, आणि उशीवर एवढा लांब काळा केस दिसला की काळजात धस्स होतं. पण ऋतूची गळ दोन्ही डोळ्यांना सारखी लागते. एकच कोपरा ओका होतो तो बहुतेक हातानं, नाहीतर त्या कुशीवर झोपून, नाहीतर पापणीच्या दुखण्यानं.

गळलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघ. एका केसावर एक चिकटवलेला आणि मुळाशी बारीक पांढरी गाठ असेल, तर तो आपल्या वेळेनं गेला. दोन-तीन केस एकाच गोळ्यात अडकले असतील तर काम वाईट झालंय. शेजारचे केस वेगवेगळ्या वेगानं वाढतात, चिकटले की एकमेकांना मुळासकट ताण देतात. तिथं सतत ओढल्यासारखं होतं आणि हात आपसूक जातो. तो हातच आवरायचाय. ते चिकटवण फेविक्विकच्याच जातीचं, सायनोॲक्रिलेट. ओढून सुटत नाही, तुझा केस घेऊनच येतं. काढायचंच असेल तर पार्लरमध्ये, डोळे मिटून, रिमूव्हर लावून काढून घे.

आणि पाण्याला भिऊन डोळे धुवायचं सोडलंयस, हे वहिनी म्हणाली तेव्हा मात्र मी कपाळाला हात लावला. पाणी नाही, तेल त्या चिकटवणाचं वैरी. न धुतलेल्या पापणीच्या कडेला मळ आणि कोंडा धरतो, कड सुजते, खाज सुटते, आणि खाज सुटली की पुन्हा तुझा तोच हात! रोज बिनतेलाच्या फेसानं हलकं धू, टिपून घे, चोळू नकोस. एरंडेल लावू नकोस, आजी कितीही म्हणाली तरी. दिवाळीत अभ्यंगाचं तेल कपाळावरून खाली येऊ देऊ नकोस.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगते. 1986 साली राज्य नाट्य स्पर्धेत मी काम केलं, एवढं तुला माहीत आहे. रंगभूषा करणाऱ्यानं मिशांच्या स्पिरिट गमनंच मला खोट्या पापण्या चिकटवल्या होत्या. शेवटची एसटी चुकेल म्हणून मी विंगेतच एका झटक्यात त्या उपटल्या. हातातल्या पट्टीला माझेच केस रांगेनं लागलेले, अजून दिसतात मला. पंधरा दिवसांनी बघायला मंडळी आली. मी मान वर केली नाही, सगळ्यांनी लाजाळू म्हणून कौतुक केलं. पापण्या दोन-अडीच महिन्यांत आल्या. पण तोवर मी तालमीला जाणं सोडलं होतं, विचारलं की डोकं दुखतं म्हणायची. पुन्हा स्टेजवर गेलेच नाही. मुग्धा, पापण्यांचं मला काही वाटत नाही. तोंड लपवून बसले, त्याचं वाटतं.

म्हणून तुझा गॉगल ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

लिहिता लिहिता आठवलं. लहानपणी झोप आली की तू डावाच डोळा चोळायचीस. मी मूठ धरून ठेवायचे, तू झोपेतही सोडवून घ्यायचीस. गळलेली पापणी सापडली की मुठीवर ठेवून फुंकायचीस आणि काय मागितलं ते लगेच मला सांगून टाकायचीस. म्हणून कदाचित आताही तुला कळत नसेल हात कधी जातो ते. उगीच बोलले का मी एवढं?

एक्स्टेन्शन हौसेनं लावलंस, त्याला माझी ना नाही. छानच दिसत होतीस. थोडे महिने पापण्यांना मोकळं सोड, मग पुन्हा लाव. पण आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. थायरॉइड तपासा म्हणाले तर तेही करू, वहिनीला झोप तरी लागेल. तुला तिथं एकटीला जायचं नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. भाजणी आणतेय, चकल्या तुझ्याकडेच करू. दार तूच उघड, गॉगल न लावता. कितीतरी दिवसांत तुझे डोळे पाहिले नाहीत गं मी.

तुझी,
आत्या