खोकला अंगावर काढू नका



माडात सोंड्या भुंगा शिरला की वरून झावळ्या हिरव्याच दिसतात. खोडाच्या भोकातून तांबूस रस गळू लागतो, तेव्हाच जाणता बागायतदार उपाय करतो. शेंडा वाळल्यावर औषध ओतून काय उपयोग? फुफ्फुसाच्या कर्करोगाचेही असेच आहे. फुफ्फुसाला आतून वेदना जवळजवळ होत नाही, म्हणून गाठ मोठी होईपर्यंत माणूस शेतात राबत असतो.

कारणे : पहिले कारण विडी-सिगारेट. १९५० साली इंग्लंडात डॉल व हिल या दोघांनी हा संबंध स्पष्ट दाखवून दिला. घरातील एकाने ओढलेल्या विडीचा धूर बायकामुलांच्याही छातीत जातो. परंतु विडीला कधी न शिवलेल्यांनाही हा रोग होतो. कोंदट स्वयंपाकघरातील चुलीचा धूर आणि खाणीतील किंवा दगड फोडताना उडणारी बारीक धूळ यांनीही धोका वाढतो. म्हणून डिचोलीकडील खाणीवर काम केलेल्यांनी आपले जुने काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

लक्षणे : दोन-तीन आठवडे न थांबणारा खोकला, थुंकीत रक्त, छातीत दुखणे, दम लागणे, आवाज बसणे, कारणाशिवाय वजन घटणे, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे.

आजाऱ्यांच्या भेटीस गेलो की आम्ही नेहमी ऐकतो, "काजूचा हंगाम संपू दे, मग दाखवू." हंगाम पुन्हा येईल, गेलेले महिने येणार नाहीत. यांतली बरीच लक्षणे क्षयाचीही असतात. तेव्हा आधी आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. क्षय नसेल, किंवा क्षयाचे औषध घेऊनही गुण येत नसेल, तर तिथेच थांबू नका. साध्या एक्स-रेत लहान गाठ सुटू शकते, ती सीटी स्कॅनमध्ये दिसते. खात्री मात्र गाठीचा तुकडा तपासूनच होते. पुढील तपासणीसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे.

ज्यांनी पुष्कळ वर्षे भरपूर विड्या ओढल्या आहेत व वयाची पन्नाशी ओलांडली आहे, त्यांनी लक्षण नसतानाही कमी किरणांच्या सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारावे. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, अशांची दरवर्षी एक्स-रेऐवजी या स्कॅनने तपासणी केल्यावर या रोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले.

आज काय करावे : विडी आजच सोडा. सोडून दहा वर्षे झाली की या रोगाने मरण्याचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या मानाने, सुमारे निम्म्यावर येतो. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. चुलीवर धुराडे बसवा, शक्य तिथे गॅस वापरा. धुळीच्या कामात नाकातोंडावर चांगला मास्क लावा, नुसता पंचा पुरत नाही. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांपुढे विडीचे ताट ठेवू नका.

आणि घरात कोणी महिनाभर खोकत असेल, तर त्याच्या "काही नाही" या शब्दावर विसंबू नका. या आठवड्यातच त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.